पर्मनंट डबा, बदली डबा

त्या रविवारी दुपारी पावणेबारा वाजता मी आईचं फोल्डर डिलीट केलं. घरात चार माणसं होती आणि चौघंही बघत होतो.

एवढी दोन वाक्यं लिहायला मला दोन वर्षं लागली. मी मुळातच सावकाश लिहिणारा माणूस. दादरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी चौतीस वर्षं पुस्तकांना नंबर देण्यात गेली. या चौतीस वर्षांत माझ्या ताब्यातून एक पुस्तक हरवलं नाही. (एक फाटलं, पण ते प्राचार्यांनी फाडलं.) अशा माणसाच्या घरातून त्याची स्वतःची आई हरवावी, तीही त्याच्याच हाताने, आणि तीही तो इतरांना 'वस्तू नीट कशी सांभाळावी' याचं प्रात्यक्षिक देत असताना, हा मी माझ्यावर झालेला अन्याय समजतो. अन्याय करणारा मीच होतो, हा भाग वेगळा.

आई गेली त्याला तेव्हा अकरा महिने झाले होते. लालबागच्या चाळीत तिची खाणावळ होती. खाणावळ म्हणजे आमचीच खोली. गावाहून एकट्याने आलेले गिरणी कामगार पाळी सुटली की येऊन जेवून जायचे. संप सुरू झाला तेव्हा तेवीस जण होते. संप लांबला तशी ही माणसं कमी व्हायला हवी होती, ती तीस झाली, कारण प्रत्येकाचा कुणीतरी भाऊबंद उपाशी असायचा. पुढे संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. गिरण्या तेवढ्या मिटल्या. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. खाणावळीवर एक पुस्तक लिहायचं माझ्या डोक्यात होतं, म्हणून कॉलेजचा टेपरेकॉर्डर घरी आणून मी आईला बोलतं केलं. बारा कॅसेटी भरल्या. कोण कसा जेवायचा, कोण भाकरी लपवून न्यायचा, तीस माणसांना पुरेल अशी सुकट कशी करायची, आणि त्या तिसांतला कोण पुढे कुठे गेला, हे सगळं आईच्या आवाजात होतं.

पुस्तक मी लिहिलं नाही. (सावकाश लिहितो, असं वर म्हटलंच आहे.)

आई गेल्यावर महिन्याभराने मी त्या कॅसेटी काँप्युटरवर उतरवून घ्यायला सुरुवात केली आणि त्या फाइली थेट साठवायला एक यंत्र विकत आणलं. पावाच्या लादीएवढा काळा डबा. त्यात दोन डिस्क. घरातल्या वायफायला जोडला की त्यातली फोल्डरं घरातल्या सगळ्या फोनांना, काँप्युटरांना आणि टीव्हीलाही दिसतात. कुणीही उघडावीत, कुणीही भर घालावी. मी 'आई', 'गाव', 'लग्नं', 'कागदपत्रं' अशी फोल्डरं केली, त्यांना क्रमांक दिले आणि एक नोंदवही घातली. माझ्या बायकोने, सुनंदाने, नोंदवही बघून विचारलं, "अहो, सगळं त्या डब्यात आहे ना? मग वही कशाला?"

"डब्यात काय आहे ते कळायला."

"आणि वहीत काय आहे ते कळायला?"

सुनंदा महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. तिच्याशी मी वाद घालत नाही.

तिने आणखी एक प्रश्न विचारला होता. कॅसेटी उतरवून झाल्यावर मी त्या भंगारवाल्याला द्यायला काढल्या, तेव्हा ती म्हणाली, "राहू देत ना. खोक्यात पडून राहतील." त्यावर मी तिला 'कालबाह्य माध्यमं आणि ग्रंथालयातली जागेची टंचाई' या विषयावर पंधरा मिनिटं ऐकवलं आणि कॅसेटी देऊन टाकल्या. ती पंधरा मिनिटं मला आजही शब्दशः आठवतात. इतर काही आठवलं नाही तरी चालेल, पण नेमकी तीच आठवतात!

आता बाबांकडे येतो.

माझे वडील गिरणीत साचे खात्यात होते. साचा म्हणजे माग. संपानंतर त्यांना परत घेतलं नाही. चाळ पाडून करी रोडला जी इमारत उभी राहिली तिच्या चौदाव्या मजल्यावर आता आम्ही राहतो, आणि बाबांच्या खोलीच्या खिडकीतून त्यांची गिरणी दिसायची ती जागा दिसते. तिथे काचेचं काहीतरी आहे. बाबा तिकडे पाठ करून बसतात. आई गेल्यानंतर त्यांचा एकच नेम राहिला होता. दुपारी जेवले की टीव्हीसमोर बसायचं आणि त्या डब्यातली आई लावायची. रोज अर्धा तास. मध्येच ते तिला उत्तरं द्यायचे. "खोटं बोलतेस," असं म्हणायचे, आणि पुढचं ऐकायचे.

म्हणजे त्या डब्यात नुसत्या फाइली नव्हत्या. एका म्हाताऱ्या माणसाची रोजची दुपार होती. ही गोष्ट मला माहीत होती. म्हणूनच मी आणखी एक डबा घेतला, जरा लहान, बॅकअपसाठी. दोन प्रती एका जागी ठेवू नयेत असं मी वाचलं होतं, म्हणून तो मी दुसरीकडे ठेवला. दुसरीकडे म्हणजे बाबांच्या खोलीत, कपाटावर, ट्रंकेच्या मागे. मोठ्या डब्यापासून अकरा पावलं. रोज दुपारी तीन वाजता, मी ग्रंथालयात असताना, मोठ्या डब्यातलं सगळं आपोआप लहान डब्यात जाईल अशी व्यवस्था लावली. पहिल्या दिवशी एक छोटी फाइल चढवून, समोर बसून, ती तिकडे गेल्याची खात्री केली. मग बाबांनी विचारलं, "हे दुसरं काय?"

आणि मी, आयुष्यभर वाचकांना सोपं करून सांगणारा माणूस, म्हणालो, "बाबा, तो मोठा डबा म्हणजे पर्मनंट. हा लहान म्हणजे बदली. पर्मनंट गैरहजर राहिला तर बदली उभा राहील."

बाबांचा चेहरा उजळला. "मग असं सांग की!"

उपमा इतकी चपखल बसली की मी ती सुनंदालाही दोनदा ऐकवली.

त्या रविवारी माझी धाकटी बहीण कुंदा भांडुपहून जेवायला आली होती. तीन आठवड्यांनी आईचं वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी गाववाले, जुन्या चाळीतली मंडळी, आईच्या हातचं जेवलेली उरलीसुरली माणसं अशी सगळी जमणार होती आणि जेवणानंतर सगळ्यांना आईचा आवाज ऐकवायचा असं मी पत्रांनी कळवलं होतं. (पत्रांनी. होय.) त्यावरून विषय निघाला.

कुंदा म्हणाली, "दादा, पण तो डबा ऐन वेळी बिघडला तर?"

"बिघडू दे की. बॅकअप आहे."

"आणि बॅकअप बिघडला तर?"

"दोन्ही एकदम बिघडत नाहीत."

तेवढ्यात बाबा पाटावरूनच म्हणाले, "काय रे मोहन, त्या बदलीला काम येतं का, बघितलंस कधी? का नुसताच पास देऊन ठेवलायस?"

मला हा प्रश्न लागला. का लागला ते सांगतो. कारण तो बरोबर होता. पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं की चौतीस वर्षं अभिलेख सांभाळलेल्या माणसाला साचे खात्यातला माणूस सांभाळायला शिकवतोय. मी हात धुतले. टीव्हीवर काँप्युटर लावला. "या," म्हटलं, "सगळे बसा. दाखवतोच."

"अहो, जेवण तर होऊ दे," सुनंदा म्हणाली.

"दोन मिनिटांचं काम आहे. हे बघा, हे आईचं फोल्डर. हे मी डिलीट करतो..."

"डिलीट कशाला?" कुंदा किंचाळली.

"परत आणून दाखवायला! नाहीतर तुम्हाला पटणार कसं?"

"आम्हाला पटलं! दादा, पटलंय आम्हाला!"

पण मला आता त्यांचं पटणं नको होतं. मला प्रात्यक्षिक हवं होतं. पडद्यावर प्रश्न आला की हे कायमचं जाईल, तुमची खात्री आहे का. मला या प्रश्नाची मनस्वी चीड आहे. यंत्राने माणसाला खात्री विचारावी? आणि विचारायचीच तर नीट विचारावी! 'अहो, तुमची आई आहे ही' असं एक वाक्य घालायला काय झालं होतं? मी 'हो' दाबलं.

फोल्डर गेलं. आवाजसुद्धा झाला नाही.

"आता," मी म्हणालो, "बदली डबा उघडू."

बदली डबा यादीत दिसेना. मी पुन्हा शोधलं. काँप्युटरने कळवलं की अशा नावाचं काही या घरात नाही. मी काँप्युटर बंद करून चालू केला. वायफाय बंद करून चालू केलं. मग सुनंदा बाबांच्या खोलीत गेली आणि दारातून म्हणाली, "अहो, याचं बटण बंद आहे."

"बंद? कुणी केलं बंद?"

"मी," बाबा भात कालवत म्हणाले. "पर्मनंट हजर आहे ना."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? पर्मनंट हजर असताना बदलीला खात्यात ठेवून काय करायचं? एका साच्यावर दोघं?"

मी खाली बसलो. "बाबा. हे तुम्ही कधीपासून करताय?"

"पहिल्या दिवसापासून. सकाळी साडेसहाला त्याला चालू करतो, बत्ती लागली की हजेरी. सातला बाहेर येऊन बघतो, पर्मनंट हिरवा दिसला की ह्याला घरी पाठवतो. एक दिवस चुकवला नाही. दिवाळीला पण नाही."

"अहो, पण तीन वाजता त्याला कामावर यायचं असतं!"

"तीन वाजता? तीनला कसली रे बदली? बदली सकाळी गेटवरच ठरते. आणि तू कधी सांगितलंस तीनचं? तू म्हणालास, पर्मनंट गैरहजर राहिला तर. अरे, तो राहिलाच नाही गैरहजर! चांगला कामगार आहे."

मी तेव्हा पुष्कळ काही बोललो. ते सगळं गैरलागू होतं. बाबांनी स्वतः सात वर्षं बदली काढली होती. रोज पहाटे अंघोळ करून, पास खिशात घालून गेटवर उभं राहायचं. कुणी आलं नसेल तर आत घेणार, सगळे आलेले असतील तर भरलेला डबा तसाच घेऊन घरी. सात वर्षांनी ते पर्मनंट झाले आणि नंतर संपाने पर्मनंट आणि बदली दोघांनाही एकाच गेटच्या बाहेर ठेवलं. अशा माणसाला मी 'बदली' हा शब्द उपमा म्हणून दिला होता. त्यांनी तो नियमासकट घेतला.

"आणि बिचाऱ्याला दिवसभर उगीच उभं ठेवायचं कशाला?" बाबा म्हणाले. "हात लावून बघ. चालू ठेवला की तापतो तो."

लहान डबा चालू केला. त्यात एकच फाइल होती. पहिल्या दिवशी मी समोर बसून पाठवलेली. नाव 'चाचणी', लांबी अकरा मिनिटं. मी ती लावली, आणि त्या खोलीत, डिलीट होऊन दहा मिनिटंही झालेली नसताना, आईचा आवाज घुमला.

"मोहन, काय करतंस ता? सगळा बिघडवन ठेवतलंस तू एक दिवस! बंद कर आधी! भाकरी करपतली हयसर!"

बाबांनी बोटं चाटली.

"काम येतं त्याला," ते म्हणाले.

यानंतरची माझी वागणूक मी थोडक्यात सांगतो. मोठ्या डब्यात दोन डिस्क होत्या. एकीवर लिहिलं की तेच दुसरीवर लिहिलं जायचं. याला मी दुहेरी संरक्षण समजत होतो. डिलीट केलेलंही दोन्हींवरून तितक्याच इमानाने जातं, हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. फक्त ते माझ्याबद्दल लिहिलंय असं वाटलं नव्हतं. त्या डब्यात कचरापेटीचीही सोय होती. डिलीट केलेल्या वस्तू महिनाभर तिथे राहतात. मी आशेने उघडायला गेलो तर ती बंद. कुणी बंद केली म्हणून नोंदवही काढली. त्यात लिहिलं होतं, 'कचरापेटी: अनावश्यक. बंद केली.' अक्षर माझं. खाली सहीसुद्धा!

आणि बॅकअप होत नाहीये हे डब्याने कुणाला कळवलं कसं नाही, म्हणून मी संतापून कंपनीला पत्र लिहायला बसणार तोच आठवलं की त्यासाठी मी एक स्वतंत्र ईमेल काढला होता. तो उघडला. 'आज बॅकअप होऊ शकला नाही' अशी रोज एक चिठ्ठी दुपारी तीन वाजून एका मिनिटाने येऊन पडली होती. दहा महिने. इतक्या नेमाने मला माझ्या सख्ख्या मामानेही पत्रं लिहिली नव्हती.

कुंदा रडायला लागली. मग रडता रडता तिने काम केलं. तिच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीने ग्रँट रोडच्या एका दुरुस्तीवाल्याचा नंबर मिळवला. इरफानभाई. फोन स्पीकरवर टाकला.

"सर, घबराओ मत. डिलीट झालेलं लगेच जात नाही. जागा तशीच असते, जोपर्यंत वरून काही लिहीत नाही तोपर्यंत. डिलीट केल्यापासून त्यात काही लिहिलं तर नाही ना?"

"छे, छे," मी म्हणालो. "कुणी हात लावलेला नाही."

"अहो," सुनंदा म्हणाली, "मग ती बत्ती का लुकलुकतेय?"

सगळ्यांनी मोठ्या डब्याकडे बघितलं. बत्ती नुसती लुकलुकत नव्हती, नाचत होती. आणि ते योग्यच होतं, कारण आत हळद चालू होती. कुंदाच्या मुलीचं लग्न आठवड्यापूर्वी झालं होतं. नातेवाइकांचे फोन आमच्या वायफायवर आले की त्यांतले फोटो आणि व्हिडिओ आपोआप डब्यात उतरावेत, अशी सोय मीच करून दिली होती; कुणाला सवड नसते, कुणी पाठवत नाही, अशी तक्रार करून करून! कुंदा दारातून आत आल्यापासून तिचा फोन पर्समध्ये बसून इमानेइतबारे हळदीचे व्हिडिओ डब्यात ओतत होता. आईच्या मोकळ्या झालेल्या जागेवर आमचे व्याही नाचत होते.

"बंद करो सर!" इरफानभाई फोनमध्ये ओरडले. "पहले प्लग निकालो! प्लग!"

मी धावत जाऊन प्लग उपटला.

"बघ," बाबा म्हणाले. "मी बंद केला तर केवढा ओरडलास."

इरफानभाईंनी दोन्ही डिस्क नऊ दिवस ठेवून घेतल्या. तेवढे नऊ दिवस बाबा जेवण झालं की टीव्हीसमोर बसत आणि 'चाचणी' लावत. रोज तेच. 'सगळा बिघडवन ठेवतलंस.' मी ग्रंथालयातून निवृत्त झालो होतो त्याला तेव्हा दोन महिने झाले होते, त्यामुळे मला तेही घरी बसून ऐकावं लागत होतं. एकदा मी म्हणालो, "बाबा, जरा आवाज कमी करता?" ते म्हणाले, "तिने कधी केला होता?"

दहाव्या दिवशी मी ग्रँट रोडला गेलो. इरफानभाई भले माणूस. त्यांनी मला आधी चहा पाजला, त्यावरूनच मी समजलो.

"आवाज है सर. पण नाम नाही कशाला. टुकडे टुकडे निघालेत."

चारशे बारा तुकडे होते. एकालाही नाव नाही, तारीख नाही, क्रम नाही. मला त्याही अवस्थेत राग आला तो याचा! हयातभर ज्याने विनानोंद कागद टेबलावर राहू दिला नाही त्याच्या आईचे चारशे बारा विनानोंद तुकडे. घरी येऊन मी एकेक लावून बघितला. बहुतेकांत नुसती खरखर. काहींत आईचा श्वास, भांड्याचा आवाज, एक 'हं'. एका तुकड्यात ती स्पष्ट म्हणते, "तीस माणसांची सुकट करूची तर आधी..." आणि खरखर सुरू होते. आधी काय?

"आधी कांदा," बाबा म्हणाले.

"नाही हो बाबा, आधी सुकट कोरडी भाजायची," कुंदा म्हणाली.

"तू होतीस काय?"

"तुम्ही होतात? तुम्ही तर मोर्च्यात असायचात!"

असा आमचा दुसरा बॅकअप सुरू झाला. बाबांनी त्या कॅसेटी दहा महिने रोज ऐकल्या होत्या. ते सांगू लागले आणि मी लिहून घेऊ लागलो. वर्षश्राद्धाला पाच दिवस उरले होते. आवाज नाही तर निदान मजकूर तरी वाचून दाखवता येईल. पहिल्या दिवशी मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी शंका आली. बाबांकडून परत मिळवलेली आई प्रत्येक बाबतीत बाबांशी सहमत होती.

"सातव्या कॅसेटीत ती म्हणते," बाबा सांगत होते, "की आमच्या ह्यांच्यासारखा साचेवाला अख्ख्या खात्यात नव्हता."

"बाबा," सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "सातवी मी ऐकलीय. त्यात त्या म्हणाल्या होत्या, आमच्या ह्यांना आमटीत मीठ घालायचं राहिलं तरी कळत नाही."

"ते पण म्हणाली असेल. आधी हे म्हणाली."

कुंदाची आई वेगळीच निघाली. ती फक्त कुंदाचे लाड करत होती. सुनंदाच्या आठवणीतल्या सासूबाई सुनंदाला कामात मदत करत होत्या, हे ऐकून मीच चकित झालो. मी सगळं लिहून घेतलं आणि प्रत्येक वाक्यापुढे कंसात स्रोत घातला: 'बाबा', 'कुंदा', 'सुनंदा'. माझं स्वतःचं नाव कुठे घालावं म्हणून बघितलं तर कुठेच येईना. कॅसेटी मी भरल्या होत्या, मी उतरवल्या होत्या, मी त्यांना क्रमांक दिले होते. ऐकल्या मात्र नव्हत्या. उतरवून घेताना मी दुसरं काहीतरी वाचत असायचो.

वर्षश्राद्धाला पस्तीस माणसं आली. जेवणं झाली. मी उठून उभा राहिलो आणि काय झालं ते सांगितलं. मला वाटलं, कुणीतरी रागावेल. कुणी रागावलं नाही, हसले. बाबांचं साडेसातीचं नव्हे तर साडेसहाचं हजेरीपुराण ऐकून जुने गिरणीवाले तर मांड्या थोपटून हसले. "बरोबर केलंस रे!" म्हणाले बाबांना. मला मान खाली घालून उभं राहण्यापलीकडे काम उरलं नाही.

मग कोपऱ्यातून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मोहन, माझं नाव होतं काय रे त्यात?"

त्यांना सगळे तांडेलकाका म्हणतात. ते रत्नागिरीकडचे. संपात अकरा महिने आमच्याकडे जेवले होते. त्या दिवशी ते विरारहून एवढं एकच ऐकायला आले होते, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"होतं," मी म्हणालो.

"काय म्हणाली वहिनी?"

मला माहीत नव्हतं. नोंदवही हातात होती, तिच्यात नव्हतं. मी पानं उलटत राहिलो. लोक थांबले होते.

"म्हणाली," बाबा बसल्या जागेवरून बोलले, "की तांडेल कधी शेवटची भाकरी उचलायचा नाही. ताटात राहिली तरी. मागून कुणी येईल म्हणायचा."

तांडेलकाकांनी मान हलवली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "हां. ते लक्षात होतं तर तिच्या."

मी ते वाक्य तिथल्या तिथे उभ्यानेच लिहून घेतलं. कंसात स्रोत घालायला पेन टेकवलं आणि तसंच उचललं. ते खरंच आई म्हणाली होती का, हे मी बाबांना अजून विचारलेलं नाही. सुनंदा म्हणते, विचारू नका.

आईचा आवाज आता आमच्याकडे एकोणीस मिनिटं आहे. त्याच्या तीन प्रती आहेत: एक बाबांच्या खोलीत, एक कुंदाकडे भांडुपला, एक सुनंदाच्या मैत्रिणीच्या कपाटात. तिन्हींचा पासवर्ड वेगवेगळा आहे, आणि तिघांनी मिळून ठरवल्याप्रमाणे त्यांतला एकही मला सांगितलेला नाही.